जुना हॅम सेट परगावी पाठवताना: पोस्ट, कुरिअर की ट्रान्सपोर्ट?

काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून कोइमतूरच्या एका हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मित्राला केनवूडचा टीएस-५२० हा जुना, सोळा किलोंचा रेडिओ सेट पाठवला होता. खोका पोहोचला तेव्हा एक दबलेला कोपरा सोडला तर बाहेरून ठीक दिसत होता. आत मात्र पॉवर ट्रान्सफॉर्मरने स्वतःच्या वजनाने चासीचा पत्रा वाकवला होता आणि ट्यूनिंगचा मोठा नॉब अर्ध्या फेरीतच अडत होता. भरपाई मागायला गेलो तेव्हा पावतीवर माझ्याच सहीच्या वर दोन गोष्टी निघाल्या: मालाची किंमत ५०० रुपये आणि जोखीम मालकाची. बुकिंगच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "काका, किंमत कमीच लिहा, नाहीतर कागद वाढतात," आणि घाईत मी मान डोलावली होती.

त्या सोळा किलोंच्या धड्यातून मी जे शिकलो, ते पहिल्यांदाच सेट विकणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या नव्या हॅमसाठी येथे क्रमाने मांडत आहे. सर्वसाधारणपणे आपण चार ठिकाणी दर विचारतो आणि सर्वांत स्वस्त असेल तिथे खोका ठेवून येतो. माझ्या मते दर हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: वाटेत या खोक्याला किती हात लागणार, आणि सेट फुटला तर कोण किती पैसे देणार.

आधी कागद

पार्सलचा विचार करण्यापूर्वी घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरील नाव, कॉल साइन (केंद्राचे ओळखचिन्ह) व मुदत तपासावी. हॅम परवाना देशात दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखा देते आणि ट्रान्समीटर असलेला सेट परवानाधारकाकडूनच परवानाधारकाकडे जायला हवा. ओळखीचा आहे, क्लबातला आहे, परीक्षा देऊन बसला आहे, एवढ्यावर सेट रवाना करू नये. परवाना हातात आल्यावर पाठवावा, तोवर तो आपल्याच कपाटात सुरक्षित असतो.

दोघांच्या परवान्यांच्या प्रती, सेटचे मॉडेल, सीरियल नंबर, ठरलेली किंमत आणि "वापरलेला सेट, परवानाधारक हौशी रेडिओ केंद्राच्या उपयोगासाठी" असा मजकूर असलेले एक सहीचे पत्र, असा संच तीन प्रतींत करावा. एक प्रत खोक्याच्या आत, एक बाहेर पारदर्शक पाकिटात आणि एक आपल्याजवळ. ही खबरदारी कोणाला अति वाटेल. परंतु २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स संकेतस्थळांवरील वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीविरुद्ध नोटिसा काढल्यापासून हातात मावणारे सेट पाहिले की बुकिंगवाले अधिक विचारपूस करतात आणि त्या वेळी तोंडी खुलाशापेक्षा कागद लवकर काम करतो.

किंमत ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा, मुद्दा निघतो. वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती वस्तूंना त्यातून सूट आहे; तरी विकून पाठवलेला सेट त्या सुटीत बसतो असे प्रत्येक बुकिंगवाला मानेलच असे नाही. म्हणून महागडा सेट असल्यास हा प्रश्न फोनवर आधीच मिटवावा, खोका डोक्यावर घेऊन काउंटरसमोर उभे असताना नव्हे.

सेटचे वजन आणि स्वभाव

वाहक निवडण्यासाठी दोन वजने माहीत असावी लागतात. एक काट्यावरचे आणि दुसरे घनफळावरून काढलेले. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५,००० ने भागले की घनफळी वजन किलोत मिळते; दोहोंपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते. काही वाहक ५,००० ऐवजी लहान भाजक वापरतात, त्यामुळे वजन आणखी वाढते, म्हणून दर विचारताना भाजकही विचारावा.

आयकॉमचा आयसी-७३०० घ्या. सेट ४.२ किलोचा, साधारण २४ × ९.५ × २४ सेंटिमीटरचा. त्याभोवती सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम, मग एक खोका, त्याभोवती पुन्हा पाच सेंटिमीटर फोम आणि बाहेरचा खोका, असे रीतसर पॅकिंग केले की बाहेरचे माप ४५ × ४५ × ३० होते. गुणाकार ६०,७५०, त्याला ५,००० ने भागले की १२ किलोंहून थोडे जास्त. काट्यावर सात किलोंच्या आत भरणाऱ्या खोक्याचे बिल बारा-साडेबारा किलोंचे येते. हे ऐकून पुष्कळ जण आतला खोका काढून टाकतात. तो मोह टाळावा, कारण भाड्यात वाचलेले पाच-सातशे रुपये एका फुटलेल्या डिस्प्लेलाही पुरत नाहीत. टीएस-५२० किंवा येसूचा एफटी-१०१ यांसारख्या जुन्या जड सेटांना हा प्रश्न फारसा येत नाही, त्यांची दोन्ही वजने जवळपास सारखीच निघतात.

स्वभावाचे म्हणाल तर नवा ट्रान्झिस्टरचा सेट हलका असतो आणि धक्का सोसतो, पण त्याचा समोरचा भाग नाजूक असतो. नळ्यांचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) सेट किंवा सेटची ताकद वाढवणारा लिनियर अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पत्र्याच्या पेटीत चार स्क्रूंवर बसवलेला लोखंडाचा गोळा. खोका तीन फुटांवरून पडला की त्या गोळ्याला थांबायचे नसते. घरी बनवलेला बिटएक्स किंवा तशाच किटवरचा सेट सर्वांत हलका, परंतु त्यातील टॉरॉइड (कड्यावर गुंडाळलेली वेटोळी) आणि सोल्डर केलेल्या तारा नुसत्या हादऱ्यांनीही सुटतात. हलक्या सेटला वेगवान कुरिअर मानवतो. जड सेटला मात्र जो वाहक खोका कमीत कमी वेळा उतरवतो तोच योग्य.

कोणाकडे द्यावे

पोस्टाची मोठी जमेची बाजू म्हणजे पोहोच. गडचिरोलीच्या आतल्या गावापासून लक्षद्वीपपर्यंत जिथे कुरिअरवाले "ओडीए" म्हणजे सेवाक्षेत्राबाहेरचा पिनकोड सांगून जादा पैसे घेतात किंवा नकार देतात, तिथे पोस्टमन जातो. स्पीड पोस्टने ३५ किलोंपर्यंतचे पार्सल जाते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. उणी बाजू भरपाईची. स्पीड पोस्टची वस्तू हरवली किंवा फुटली तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती, असा नियम राहिला आहे. त्यामुळे मायक्रोफोन, मोर्स की, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाची जुळणी मोजणारा), केबल, हाताने बनवलेले किट यांसाठी मी डोळे झाकून पोस्ट निवडतो. चाळीस हजारांचा सेट मात्र विम्याची स्वतंत्र सोय झाल्याखेरीज तिथे ठेवत नाही. प्रधान डाकघरात जाऊन विचारल्यास नेमकी उत्तरे मिळतात, उपडाकघरात बहुधा "वरून विचारून सांगतो" असे ऐकू येते.

ब्लू डार्ट, डीटीडीसी, डेल्हीवरी यांसारख्या कुरिअर कंपन्यांकडे हवाई आणि रस्त्याने असे दोन मार्ग असतात. हवाई मार्ग महाग, परंतु खोका कमी दिवस वाटेत राहतो. रस्त्याचा मार्ग स्वस्त, पण प्रत्येक हबवर खोका उतरतो, पट्ट्यावरून घसरतो आणि पुन्हा चढतो. पुणे ते कोइमतूर या प्रवासात असे तीन-चार उतार सहज होतात. शक्य असल्यास त्याच मार्गावरच्या एखाद्या साध्या जुन्या पार्सलचे ट्रॅकिंग पाहावे, खोका किती गावांत थांबला हे त्यात स्पष्ट दिसते. आणखी एक गोष्ट: फ्रँचायझीच्या छोट्या दुकानापेक्षा कंपनीच्या स्वतःच्या शाखेत बुकिंग करावे, कारण पुढे वाद झाला तर दुकानदार "वर बोला" म्हणून मोकळा होतो.

वीस किलोंच्या वरच्या मालासाठी व्हीआरएल, टीसीआय किंवा सेफएक्सप्रेस यांसारखे ट्रान्सपोर्ट हिशेबात धरावेत. इथे बिल्टी (मालाची पावती) मिळते, भाडे किलोमागे कमी पडते आणि "गोडाऊन डिलिव्हरी" घेतली तर शेवटचा टप्पा, म्हणजे छोट्या टेम्पोतून घरापर्यंतची आदळआपट, वाचते. घेणाऱ्याला गोडाऊनवर जावे लागते खरे, पण तो खोका स्वतः उचलून गाडीत ठेवतो. लिनियर आणि जड पॉवर सप्लायसाठी माझी पहिली पसंती हीच. तिथला माल मात्र पिंप आणि पोत्यांच्या शेजारी रचला जातो, त्यामुळे पातळ खोका चालत नाही. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा हवा.

रेल्वे पार्सल थेट गाडी असलेल्या दोन शहरांमध्ये उत्तम, कारण चढवणे एकदा आणि उतरवणे एकदा. गाडी बदलावी लागत असेल तर विचार सोडून द्यावा. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ड्रायव्हरच्या हाती सेट पाठवणारे हॅम मी पाहिले आहेत. रात्री दिला, सकाळी मिळाला, खर्च दोनशे रुपये. पावती नसते, दावा नसतो आणि परवान्याच्या वस्तूची जबाबदारी अनोळखी माणसावर पडते, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि घाई नसेल तर थांबावे. दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या हॅमफेस्ट इंडिया या हॅम मंडळींच्या संमेलनाला आपल्या भागातून कोणी ना कोणी मोटारीने जातोच. त्याच्या मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून गेलेल्या सेटइतका सुखरूप पोहोचलेला सेट माझ्या माहितीत नाही.

फुटले तर पैसे कोणाचे

हा भाग नवखे वाचत नाहीत, पण वाहकाची खरी निवड इथेच होते. रस्त्याने माल नेणाऱ्यांना, कुरिअर एजन्सीसह, २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आणि २०११ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचे भाडे भरले नसेल, तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे ६०० रुपये भाडे दिले तर जास्तीत जास्त ६,००० रुपये, आणि किंमत ५०० लिहिली असेल तर ५००. माझ्या टीएस-५२०चे गणित हेच होते. रेल्वेतही किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरले नसेल तर पार्सलची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांवर थांबते. वीस किलोंच्या खोक्याला हजार रुपये.

म्हणून बुकिंगच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. "ओनर्स रिस्क" आणि "कॅरियर्स रिस्क" यांच्या दरांत फरक किती? घोषित किमतीवरचे शुल्क, ज्याला हे लोक एफओव्ही म्हणतात, ते किती टक्के? आणि विमा घेतल्यास वापरलेल्या वस्तू त्यात धरल्या जातात का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण अनेक पॉलिसींमध्ये जुना माल, अपुरे पॅकिंग, आणि बाहेरून खूण नसताना झालेला आतला विद्युत किंवा यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. रेडिओच्या बाबतीत नेमके हेच घडते, खोका साबूत आणि सेट मुका. त्या वगळणुकीचे कलम असेल तर विम्याच्या हप्त्यात पैसे न घालता ते जाड फोममध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

किंमत खरी लिहावी. बिल नसेल तर खरेदीदाराशी झालेला व्यवहाराचा संदेश आणि बँकेतून आलेल्या पैशांची नोंद पुरावा म्हणून जपावी. वस्तूचे वर्णनही खरेच असावे. "घरगुती सामान" किंवा "जुना स्टिरिओ" असे लिहून सुटका करून घेणाऱ्याचा दावा पहिल्याच दिवशी संपतो, आणि एक्स-रेमध्ये खोका अडकला तर खुलासा देताना तोंडचे पाणी पळते. "वापरलेला हौशी रेडिओ सेट, बॅटरीविना" एवढे पुरेसे असते.

बॅटरी

बॅटरी काढता येत असेल तर काढावी आणि घेणाऱ्याने ती आपल्या गावी विकत घ्यावी, हा सर्वांत सोपा मार्ग. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तर सेटबरोबर कधीच पाठवू नये, ती जड असते आणि गळू शकते. आयसी-७०५ सारख्या सेटची लिथियम बॅटरी सुमारे १४ वॅट-तासांची, म्हणजे १०० वॅट-तासांच्या मर्यादेच्या खूप आत असते. पण सुटी लिथियम बॅटरी आणि उपकरणात बसवलेली बॅटरी यांना हवाई वाहतुकीत वेगळे क्रमांक आहेत, यूएन ३४८० आणि यूएन ३४८१, आणि सुटीचे नियम जास्त कडक आहेत. त्यामुळे पाठवायचीच असेल तर सेटमध्ये बसवून, सेट चुकून सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून, बुकिंगवाल्याला स्पष्ट सांगून आणि शक्यतो रस्त्याने पाठवावी.

पॅकिंग

वाहक कितीही चांगला असो, खोका एकदा तरी पडणार असे धरूनच पॅकिंग करावे. प्रथम सेट चालू करून मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा: सीरियल नंबर, डायल फिरताना, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या भारावर) पॉवर दाखवताना. मग नळ्यांचा सेट असल्यास फायनल (शेवटच्या टप्प्यातील ताकद देणाऱ्या) नळ्या काढाव्यात, प्रत्येकीवर मार्करने ती कोणत्या सॉकेटमधली हे लिहावे आणि बबल रॅपमध्ये गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवाव्यात. त्याच नळ्या त्याच जागी परत बसल्या तर न्यूट्रलायझेशन, म्हणजे सेट नळ्यांशी जुळवून घेणे, पुन्हा करावे लागण्याची शक्यता कमी होते. लिनियरचा ट्रान्सफॉर्मर सोडवता येत असेल तर सोडवून वेगळ्या खोक्यात पाठवावा. परदेशांत काही निर्माते नवे अ‍ॅम्प्लिफायरही असेच पाठवतात. तारांचे फोटो आधी काढावेत आणि स्क्रू त्याच खोक्यात पिशवीत बांधावेत.

नॉबांची काळजी वेगळी. ट्यूनिंगच्या नॉबवर खोक्याचा भार आला की मागचा दांडा वाकतो. समोरच्या बाजूला ईपीई फोमचा जाड तुकडा घ्यावा, त्यात नॉबांच्या जागी कटरने खळगे कापावेत आणि तो असा बसवावा की फोम कॅबिनेटच्या कडांवर टेकेल, नॉब पोकळीत राहतील. मी कोइमतूरला पाठवलेल्या खोक्यात बबल रॅपचे पाच फेरे होते आणि नेमकी ही गोष्ट नव्हती. थर्मोकोलचे दाणे वापरू नयेत. जड सेट प्रवासात त्यांच्यातून खाली सरकत तळाला जातो.

आतला खोका पाच प्लायचा, बाहेरचा सात प्लायचा घ्यावा. जुन्या बाजारातील वापरलेला खोका नको, त्याचे कोपरे आधीच मेलेले असतात. जून ते सप्टेंबर या काळात सेट जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करावा, कारण पावसात उघड्यावर उतरवलेला खोका घाटापलीकडे जाईपर्यंत ओला होऊन बसतो. माइक, केबल, मॅन्युअल, पॉवर सप्लाय यांपैकी काहीही सेटच्या खोक्यात सुटे टाकू नये. सारे बंद झाल्यावर खोका हलवून ऐकावा. आतून कसलाही आवाज आला तर पुन्हा उघडावा.

बुकिंग आणि पोहोच

बुकिंग सोमवारी किंवा मंगळवारी करावे, म्हणजे खोका रविवारी एखाद्या हबमध्ये पडून राहत नाही. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे तर पूर्ण टाळावेत. काउंटरवर वजन स्वतः पाहावे, पावतीवर घोषित किंमत, जोखमीचा प्रकार आणि वस्तूचे वर्णन वाचूनच सही करावी आणि बंद खोक्याचे सहा बाजूंचे फोटो तिथेच घ्यावेत.

घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की खोका दबलेला, फाटलेला किंवा ओला असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्यापूर्वी "खोका खराब स्थितीत, आतील माल तपासणे बाकी" असा शेरा लिहावा आणि उघडतानाचा व्हिडिओ सलग, न थांबवता काढावा. सेटला लगेच वीज देऊ नये. आधी झाकण उघडून सुटलेला स्क्रू, सरकलेला ट्रान्सफॉर्मर, निसटलेला कनेक्टर पाहावा, नळ्या खुणेनुसार बसवाव्यात, पावसाळ्यात एक रात्र कोरड्या खोलीत ठेवावा आणि मगच तो डमी लोडवर सुरू करावा. बिघाड आढळला तर त्याच दिवशी वाहकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कंपन्यांच्या स्वतःच्या अटींत मुदत पुष्कळदा काही दिवसांचीच असते. रस्ते वाहतूक कायद्यानुसार वाहकावर दावा लावायचा तर त्याआधी लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोहोचलेली असावी लागते. तोवर पावती, फोटो, व्हिडिओ आणि दोन्ही खोके, फोमसकट, टाकू नयेत.